तुमची मशीन द्यायच्या आधी

अहो गजूचे बाबा,

नमस्कार लिहीत नाही. तुमच्या पाया पडायचं तेवढं मी जिवंतपणीच पडून घेतलं, शिल्लक काही ठेवलं नाही. खुशालीही विचारत नाही. तुम्ही जिथं असाल तिथं चार माणसं गोळा करून धरणाच्या गोष्टी सांगत असाल, अन् ती माणसं उठायचा बहाणा शोधत असतील.

कागद आरूच्या वहीतला आहे. तुमची नात आता तिसरीत गेली. म्हणजे माझी शाळा जिथं सुटली, तिथं ती येऊन बसली. म्हणते, "आजी, लिहिणं झालं की चुका मी काढून देते." मी म्हणलं, राहू दे. तुह्या आजोबाले चूक कव्हा दिसली होती?

आज लिहायचं कारण एकच. तुमची मशीन बोटीवरून उतरवली. अंगणात पोत्यावर पडली आहे, पंखा एकीकडं, डोकं एकीकडं. मोताळ्याचा रशीद मिस्त्री चार वाजता येऊन तिले घेऊन जाणार, सुटे भाग काढायले. गेली की परत यायची नाही. आता तुम्ही म्हणाल, मले न विचारता? म्हणूनच लिहून राह्यली. या घरात तुम्हाले सांगितल्याबिगर सुई इकडची तिकडं झाली नाही. जिवंत होते तव्हा भीतीनं, आता सवयीनं.

पण सगळं क्रमानं सांगते. मधात उठू नका.

तुम्ही गेले अन् पहिला प्रश्न पडला, बोट कोण चालवणार? धरणानं गाव इकडं ठेवलं अन् अर्ध्या गावाची वावरं तिकडं. रस्त्यानं वळसा घालून गेलं तर निम्मा दिवस रस्त्यातच जाते. बोटीनं म्हणाल तर इकडं ओतलेला चहा तिकडं गरम पिता येते. तुमचा पोरगा चाकणच्या कंपनीत. मले ती दोरी ओढवत नाही. निंदणाच्या बाया काठावर डबे घेऊन उभ्या. तव्हा ज्योती, तुमची सून, पदर खोचून बोटीत चढली.

काय म्हणत होते तुम्ही? मशीनीले बाईचा हात लागला की ती बिघडते? घ्या. लागला हात. चौथ्या दिवशी पोट्टी तुमच्यापेक्षा सरळ नेऊन राह्यली होती. तुम्ही वळण आलं की आधी मिशीले हात लावत, मग दांड्याले. तिले मिशी नाही, तेवढा वेळ वाचते. तुम्ही उशाले घेऊन झोपत होते ती केशरी जाकिटंही तिनं धुऊन काढली अन् बायांना घालायले लावली. कौसाबाई कुरकुरली, "अवं ज्योते, यात मी फुगलेल्या पुरीवाणी दिसते." ज्योती म्हणाली, "दिसा. पुरी तरंगते."

तर असं चाललं होतं. पण मशीन काही बरी राहत नव्हती. तुम्ही गेले त्या वर्षी रस्ताभर खोकायले लागली. मागच्या वर्षी मधात मधात बसायले लागली. गावानं ठरवून टाकलं, मालक गेला, मशीन झुरणीले लागली! कौसाबाईच्या सासूनं तं मशीनीजवळ बसून डोळे पुसले. तुमच्या मातीले आली होती तव्हा तिनं पुसले नव्हते. मी पाहत होती.

मग गेल्या महिन्यात व्हायचं ते झालं. बारा बाया बोटीत, वारं सुटलेलं, अन् भर पाण्यात मशीन बंद. ज्योतीनं दोरी ओढली. आठ वेळा ओढली, दहा वेळा ओढली, मग मोजणं सोडलं. बोट वाहत वाहत त्या बुडालेल्या बाभळींत जाऊन अडकली. दोन तास बाया काट्यांत बसून राह्यल्या. पहिला तास देवाचं नाव घेतलं, दुसरा तास तुमचं. देवाचं तेवढं चांगल्या शब्दांत घेतलं असं कौसाबाई सांगते.

दोन तासांनी मशीन थंडी झाली अन् एकाच दोरीत सुरू! जसा काही रुसवा गेला.

काठाले उतरल्या उतरल्या कौसाबाई कंबरेवर हात देऊन उभी राह्यली. "पाहा पार्वताबाई, तुमच्या माणसाचं नाव मोठं होतं, आम्ही आजवर बोललो नाही. पण माह्या घरी दोन लेकरं हायेत. दसऱ्यापर्यंत मशीन बदला, नाही तं वेचणीले आम्ही ट्रॅक्टरनं वळसा घालून जातो."

कापसाची वेचणी म्हणजे बोटीचा हंगाम. त्याच बाया नाही आल्या तर बोट काठावर बांधून तिच्यात कोंबड्या ठेवायच्या का?

हे गजूच्या कानावर गेलं. कसं गेलं मले माहीत नाही, मी आरूकडं पाहत नाही. त्याचा फोन. "आई, आता बास झालं. मशीन बसली म्हणजे बसली. ज्योतीले अन् आरूले इकडं पाठव. इकडं शाळा चांगली हाय. तूही चल." ते 'तूही चल' त्यानं कसं म्हणलं सांगू? बाजारात भाजी घेऊन झाल्यावर माणूस वरून कोथिंबीर मागते तसं.

मी म्हणलं, "अन् बोट चालत राह्यली तं?"

"चालत राह्यली तं ज्योतीची मर्जी. पण चालते कुठं?"

म्हणजे समजलं ना तुम्हाले? सगळं येऊन अडकलं त्या मशीनीवर. मशीन चालली तर घरात माणसं. नाही चालली तर मी, एक बकरी अन् तुमचा फोटो. बकरी निदान हाक मारली तर ओरडते.

आता नवी कोरी मशीन घ्यायची आपली ताकद नाही, ते तुम्हालेही माहीत आहे. राह्यले दोन रस्ते. तुमचीच दुरुस्त करा, नाही तं कुणाची वापरलेली आणा. वापरलेली! तुमचं मशीनीवरचं व्याख्यान मले पाठ आहे. दुसऱ्याची मशीन म्हणजे दुसऱ्याची चप्पल, चालते पण चावते. एवढं बोलणाऱ्या माणसानं स्वतःच्या मशीनीच्या नावावर काय केलं होतं, ते पुढं निघालंच.

वापरलेली मशीन घेऊन आले कोण, तर जानेफळचे सुधाकरराव. तुमच्या बहिणीचा जावई. आता जावई माणूस दारात मशीन घेऊन उभा राह्यला तर आधी मशीन पाहायची का आधी पाय धुवायले पाणी द्यायचं? पाणी दिलं. चहा दिला. वांग्याचं भरीत केलं, पुऱ्या केल्या. पुऱ्या खात खात तो म्हणतो, "मामी, तुमच्यासाठीच राखून ठेवली. तलावातली मशीन हाय. गोड्या पाण्यातली. एक साहेब होता, रविवारी फक्त फिरायचा. बाकी सहा दिवस झाकून ठेवायचा."

जेवणं झाल्यावर त्यानं आपला पाण्याचा ड्रम भरायले लावला, त्यात मशीन उभी केली अन् दोरी ओढली. एका झटक्यात चालू! ज्योतीचे डोळे असे झाले, जसे लग्नात शालू पाहताना झाले होते. मी नुसती मशीनीभोवती फिरली. वरचं डोकं उघडलं होतं. आत एका नटबोल्टाच्या बेचक्यात पांढरं पांढरं काही बसलं होतं. नखानं खरवडलं अन् जिभेले लावलं.

साऱ्या जिंदगीत मी शाळा केली तीन वर्षं, पण भाजी केली साठ वर्षं. मिठाबद्दल मले कुणी शिकवू नये.

"सुधाकरराव," मी म्हणलं, "हा साहेब रविवारी तलावात फिरायचा का लोणचं घालायचा?"

जावई लाल झाला. "काऊन मामी?"

"खारट लागून राह्यलं. चाखून पाहा."

तो काही चाखेना. ज्योतीनं चाखलं, आरूनं चाखलं, बकरी आपली आपण पुढं आली. शेवटी तो म्हणाला, "समुद्रातली हाय मामी. कोकणातून आणली. खरं सांगितलं असतं तं तुम्ही पाहिलीच नसती."

आता जावयाले खोटारडा कसं म्हणावं? म्हणून मी म्हणलं, "आणखी पुरी घ्या." तुमच्या घराण्यात एवढा अपमान पुष्कळ होते. मशीन मात्र परत नेऊ दिली नाही. म्हणलं, राहू द्या चार दिवस, आमचा मिस्त्री पाहील.

मी रशीदले बोलावलं, पण मनातून मले काय पाहिजे होतं ते सांगते. मले पाहिजे होतं की त्यानं समुद्रातल्या मशीनीले नाव ठेवावं अन् तुमच्या मशीनीले बरं करावं. काऊन? मले काही तिचा मोह नाही. लोखंड आहे ते. पण तुम्ही तिच्यावर जेवढा हात फिरवला तेवढा... असो. तो विषय नाही.

रशीद आला. तुमची मशीन ड्रममध्ये उभी केली, चालू केली, अन् बाजूनं कान देऊन, वाकून पाहत राह्यला. मग त्यानं मले विचारलं, "मौसी, इसका पेशाब कबसे बंद है?"

"कुणाचं विचारून राह्यला बे तू?"

"मशीन का, मौसी! यहाँ से बारीक धार निकलनी चाहिए." त्यानं बाजूचं एक बारीक भोक दाखवलं. "पानी नीचे से खींचती है, अंदर ठंडा करती है, यहाँ से छोड़ती है. धार नहीं मतलब अंदर पानी नहीं जा रहा. गरम होके बैठ जाती है."

बाप्पा! शेवटी शेवटी तुमचंही तेच झालं होतं. डॉक्टरही असाच वाकून पाहत होता.

रशीदनं मशीन आडवी केली. खाली, पंख्याच्या वर, त्या बारीक फटी आहेत ना, माशाच्या कल्ल्यावाणी? त्या उघडल्या. आतून निघाला एक गोळा. पिवळा, चिकट, वर धरणाचा गाळ. रशीदनं काडीनं टोचला. वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडं असा पाहायले लागला की मले वाटलं आता हा देवाचं नाव घेते.

"मौसी, इसमें इलायची है."

गजूचे बाबा, ते पुरण होतं.

आता हे वाचून तुम्ही हसाल, तर आधी ऐका. दोष तुमचा आहे.

धरणात वावर गेलं, बैलजोडी विकली, अन् पहिला पोळा आला तव्हा तुम्ही दिवसभर तोंड लपवून बसले होते. मग पुढच्या वर्षी बोटीवर ही मशीन आली, अन् तुम्ही म्हणले, जे आपल्यासाठी ओढते ते आपलं जनावर. झालं! पोळ्याच्या आदल्या दिवशी मशीनीची खांदेमळणी. तूप-हळद चोळली. तिच्या डोक्याले बाशिंग बांधलं. बैलाची जुनी झूल तिच्यावर टाकली अन् हातगाडीवर बसवून तोरणाखाली नेली. सारं गाव हसलं. तुम्ही हसले नाही. मीही हसली नाही, कारण मी दारात उभी होती अन् बायांनी तोरणाकडं जायचं नसते. तुम्ही मशीनीले पोळी चारता एवढंच मले माहीत. दरवर्षी माझ्याकडून पाच पोळ्या न्यायचे. "मशीनीले पाच लागतात, तूप सोडून दे वरून." मी तूप सोडत होती.

तुम्ही गेल्यावरचा पहिला पोळा आला. मी ठरवलं होतं, हे खूळ बंद. पण सकाळी उठली तर हात आपलाच डाळ निवडायले लागला. मी स्वतः काठावर गेली. मशीनीचं तोंड कुठं असते मले काय माहीत? खाली फटी दिसल्या. मी म्हणलं, तोंड हेच असेल. पोळी जात नव्हती. मग नुसतं पुरण घेतलं अन् अंगठ्यानं दाबून दाबून भरलं. सगळं! मालक नाही म्हणून तिले उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू नये म्हणून दोन घास जास्त. असे तीन पोळे केले.

हे सगळं मी रशीदले सांगितलं. तो खाली बसला. हसू दाबता दाबता त्याच्या हातातला पाना पडला. म्हणतो, "पर मौसी, चाचा तो मशीन को सिर्फ दिखाते थे!"

"मग पोळ्या कोण खायचं?"

त्यानं पाना उचलून पुसला. मग म्हणाला, "एक मेरे को देते थे."

एक रशीदले! अन् चार? साखर होती ना तुम्हाले? डॉक्टरनं गोड बंद केलं होतं, मी घरातला गुळाचा डबा शेजारी नेऊन ठेवला होता, चहा फिक्का देत होती अन् तुमचं ते लाचार तोंड पाहून मलेच वाईट वाटत होतं. अन् तुम्ही मशीनीच्या नावानं चार चार पोळ्या चापत होते? वरून तूप सोडून? मी वेड्यावाणी विचारायची, "खाल्ल्या का हो तिनं?" अन् तुम्ही मिशी पुसत म्हणायचे, "सगळ्या."

एवढं एकच खरं सांगितलं असतं मले. मी पोळ्या बंद केल्या असत्या, हे खरं. पण मशीन तरी जिवंत राह्यली असती.

कारण पुढचं रशीदनं हसणं थांबवून सांगितलं. गोळा काढला, धार सुरू झाली, आवाजही जरा बरा आला. पण तो मान हलवत होता. "मौसी, तीन साल बिना पानी के जली है. अंदर सब घिस गया. ये वेचणी शायद निकालेगी, शायद नहीं. बीच पानी में कब बैठेगी, मैं बोल नहीं सकता."

म्हणजे ती तुमच्यासाठी झुरून नाही गेली. मी मारली. पुरणानं.

मग त्यानं सुधाकररावांची मशीन उघडली. मी मनात म्हणत होती, सडलेली निघू दे. तो आत बोट फिरवून फिरवून पाहत होता. म्हणाला, "समंदर की है, सच है. नमक बाहर बाहर है. जिसकी थी वो आदमी अच्छा था. हर बार मीठे पानी से धोया है इसको." अन् बोट पुसत पुसत, "ये चलेगी. चार-पाँच साल देखना नहीं पड़ेगा."

असं आहे पाहा. जावई खोटं बोलला अन् मशीन खरी निघाली. आपण स्वतःले खरे समजत होतो अन् आपलीच मशीन आतून जळली होती.

शहाण्या बाईनं त्याच वेळी ठरवलं असतं. मी तीन दिवस भांडली. होय, मी. म्हणलं, तुमची मशीन आता मोकळी झाली, ठेवू एक हंगाम. म्हणलं, खारं पाणी प्यायलेली मशीन आपल्या पाण्याले रुळणार नाही. म्हणलं, जावयाकडून घेतली अन् बिघडली तर तक्रार कुणाकडं करायची? जे तोंडात आलं ते म्हणलं. तुमचंही नाव घेतलं. "यांच्या येळेस असं नव्हतं," असं मी ज्योतीले तीन दिवसांत इतक्या वेळा म्हणलं की आरू माझ्या आधी म्हणायले लागली.

ज्योती उलट बोलत नाही, तुम्हाले माहीत आहे. ती भांडे घासत होती. मी चौथ्यांदा सुरू केलं तव्हा तिनं हात धुतले, माझ्यापुढं येऊन बसली अन् ब्लाउजची बाही वर केली. खांद्यापासून काखेपर्यंत सगळं काळंनिळं. जुनं, त्याच्यावर नवं.

"हे कव्हापासून?"

"दोन वर्षं झाली, आत्याबाई."

"मले काऊन नाही दाखवलं?"

"तुम्ही म्हणाल, मामंजी वीस वर्षं ओढत होते, त्यांचा खांदा नाही दुखला."

म्हणली असती. मी तेच म्हणली असती.

मग ती म्हणाली, "आत्याबाई, दोरी मी ओढते. बाभळीत अडकली तव्हा बारा बाया माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. मामंजीकडं नाही, तुमच्याकडं नाही. कोणती मशीन घ्यायची ते मले ठरवू द्या. अन् मशीन चांगली असन तं मले चाकणले जायचं नाही. हेही सांगून ठेवते."

असं सांगितलं अन् पुन्हा भांडे घासायले गेली. तुम्ही तरी मले आयुष्यात एक गोष्ट ठरवू दिली का हो? बैल तुम्ही ठरवले, बोट तुम्ही ठरवली, गजूचं नाव ठरवलं तव्हा मी बाळंतिणीच्या खाटेवर झोपली होती. मी मनात म्हणत होती, माझी पाळी येईल तव्हा पाहा. तुम्ही गेले, माझी पाळी आली, अन् मी काय केलं? तीन दिवस तुमच्यावाणीच वागली. मिशी तेवढी नव्हती.

मी उठली अन् म्हणलं, "सुधाकररावले फोन लाव. सांग, मशीन ठेवली." भाव-बिव लिहीत नाही, तुम्ही तिथं उठून बसाल. एवढं सांगते की खारट होती म्हणून बरीच उतरवली.

बायांनाही मीच सांगितलं. पुरणाचंसुद्धा. सांगायची गरज नव्हती, पण तुमची मशीन दुःखानं गेली म्हणून कौसाबाईची सासू पुन्हा डोळे पुसायले लागली, ते मले पाहवेना. ऐकल्यावर कौसाबाई काठावर फतकल मारून बसली अन् इतकी हसली की तिचा डबा लवंडला. म्हणते, "पार्वताबाई, माह्या माणसाले असं प्रेमानं कुणी चारलं नाही!" मी म्हणलं, "तुह्या माणसाचं तोंड कुठं हाय ते साऱ्या गावाले माहीत हाय, म्हणून वाचला."

काल सकाळी मशीन बसवली. ज्योतीनं दोरी हातात घेतली, अन् बाया सगळ्या जाकिटं घालून बसलेल्या. एक झटका. चालू. बाजूनं बारीक धार पडून राह्यली होती, ती पाहून बायांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी टाळ्या वाजवाव्या याची आपल्या गावाले लाज नाही. बोट गेली अन् मी तिथंच उभी राह्यली. मधात थांबली नाही. बाभळी ओलांडल्या. पल्याड लागली.

गजूचा फोन आला. "मग, कव्हा येते ज्योती?" मी फोन तिच्याच कानाले लावला. ती म्हणाली, "वेचणी होऊ द्या, मग पाहू." वेचणीनंतर हरभरा येते, हरभऱ्यानंतर उन्हाळी भुईमूग. पाहू म्हणायले वर्षभर जागा आहे.

गजूचं म्हणणं, जुनी मशीन तरी आठवण म्हणून बाबांच्या फोटोखाली ठेवा. मी नाही म्हणलं. फोटोखाली मशीन ठेवली तर दोघांची धूळ पुसायची कुणी? रशीद म्हणते, तिचा पंखा चांगला आहे, दांडा चांगला आहे, कुठं ना कुठं लागेल. लागू द्या. पडून राहायची सवय तुम्हाले नव्हती, तिले काऊन लावायची?

आता एक सांगायचं राह्यलं. ते सांगायसाठीच हा कागद घेतला होता, बाकीचं आपलं आपण आलं.

काल संध्याकाळी मी चुलीपुढं आरूचे केस विंचरत बसली होती. अन् ज्योती दारात उभी! मी दचकली. तुमची मशीन पहिल्यापासून बाभळीपाशी वेग उतरवला की खोकायची. तो खोकला ऐकला की मी तवा ठेवायची. तुम्ही काठाले लागेपर्यंत तवा तापायचा, हातपाय धुवेपर्यंत भाकर फुगायची. वीस वर्षं. तुम्हाले वाटायचं बाई दिवसभर तवा मांडूनच बसते. मी घड्याळ कव्हा पाहिलं नाही, कानावर चाललं सगळं. ज्योतीलेही तशीच गरम भाकर मिळत गेली, त्याच खोकल्यावर. अन् ही नवी मशीन? मांजरावाणी येते. मले समजलंच नाही.

पोट्टी दिवसभर चार फेऱ्या मारून आली, अन् चूल थंडी.

"आत्याबाई, भाकर?"

"होऊन राह्यली," मी म्हणलं. पिठाले हात लागला नव्हता.

तर आता कबूल करते ते नीट ऐका. यापुढं 'यांच्या येळेस असं नव्हतं' हे मी ज्योतीले म्हणणार नाही. लिहून देऊन राह्यली, कारण तोंडी कबूल केलेलं मी पाळत नाही. अन् दुसरं. आजपासून दिवस कलला की मी ओट्यावर जाऊन बसणार, तोंड बंद ठेवून. हो, बंद ठेवून, हसू नका. आठ दिवस लागू देत, पंधरा लागू देत, त्या नव्या मशीनीचा आवाज मी वळखणारच. माझी सून काठाले लागेल तव्हा तवा तापलेला असेल.

तुमची,
पार्वती
(जिंदगीभर 'ऐकलं का' म्हणून हाक मारली तुम्ही. नाव ध्यानात नसेल म्हणून लिहिलं.)